‘लास्ट बस’ मी कशी मोडली

चहा घ्या आधी. बिस्किट बुडवा, पण मध्ये बोलू नका, कारण एकदा थांबलो तर पुढचं सांगायची मला लाज वाटेल. माझ्या हातून एका संध्याकाळी असा घोळ झाला की त्यात एक बँड मोडला, एक कॅसेट गेली आणि एक लग्न… ते असू द्या, लग्नाचं शेवटी.

हो, बँड. रॉक बँड. हसताय काय? आज जिथे टक्कल चमकतंय तिथून तेव्हा खांद्यापर्यंत केस यायचे. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. दिवसभर केस कॉलरच्या आत खोचून फायली बघायचो आणि ऑफिस सुटलं की बाहेर काढायचो.

ते दिवसच तसे होते हो. देश नुकताच खुला झाला होता, घरोघरी केबल आली होती. हैदराबादेतल्या आमच्या अंबरपेठेत जिथे सकाळी शेजारच्या रेडिओवर अभंग लागायचे, तिथे दिवसभर केस वाढवलेले गोरे लोक टीव्हीवर किंचाळू लागले. आमचे बाबा वकील. ते म्हणायचे, सरकारने आयात खुली केली ती यंत्रसामग्रीसाठी, या मंडळींसाठी नव्हे.

तेव्हा हैदराबाद-सिकंदराबादेत पोरांचे बरेच बँड होते आणि सगळ्यांना एकच रोग होता. एक पोरगा अमेरिकेला जायचा, दुसरा गल्फमध्ये, तिसरा बँकेत चिकटायचा, आणि बँडमध्ये एकच जण उरायचा. असे चार बँडचे चार उरलेले आम्ही. गाणारा ग्लेन सिकंदराबादचा, लहानपणापासून चर्चमध्ये गायलेला. ड्रम वाजवणारा सलीम जुन्या शहरातला. गिटारवाला रवी तेलुगू, हिमायतनगरचा. आणि मी.

रवीला कोठीच्या बाजारात फुटपाथवर एक जुनं परदेशी मासिक मिळालं. त्यात लिहिलं होतं की वेगवेगळ्या बँडमधले मोठमोठे कलाकार एकत्र आले की त्याला सुपरग्रुप म्हणतात. रवीने ते पान आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला, यारो, हे आपणच आहोत. आता खरं सांगायचं तर आम्ही चार घरचं उरलेलं एकत्र कालवलेला काला होतो. पण सुपरग्रुप म्हटल्यावर कोणाची छाती फुगणार नाही?

नाव ठेवलं ‘लास्ट बस’. कारण रवीच्या गच्चीवरची आमची तालीम मला अंबरपेठेची शेवटची बस पकडायची असली की संपायची. शेजारचे रेड्डीगारू एकदा विचारायला आले होते, बोअर किती फूट खोल गेली, पाणी लागलं का? त्यांना वाटलं होतं रवीच्या अंगणात बोअरवेल खणतायत.

आमचा बाणा असा की गाणी फक्त आमची, दुसऱ्याचं काही वाजवायचं नाही. सिकंदराबादच्या एका लग्नात आम्हाला सिनेमातली गाणी वाजवा म्हणाले. आम्ही बाणेदारपणे नाही म्हटलं. त्यांनी आम्हाला जेवायला वाढलं आणि घरी पाठवलं. बिर्याणी उत्तम होती.

आणि चौघेही आपापल्या जुन्या बँडचे पुढारी. त्यामुळे आमच्या प्रत्येक गाण्याला चार शेवट असायचे. ग्लेन थांबला की रवी सुरू, रवी थांबला की सलीम. लोक टाळ्या वाजवायचे, थांबायचे, पुन्हा वाजवायचे, आणि शेवटी वैतागून बाहेर चहा प्यायला जायचे.

मी बेस वाजवायचो. म्हणजे जाड तारांची, विजेवर वाजणारी गिटार. बेस वाजतोय हे कोणाला कळत नाही, पण तो बंद पडला की गाणं पांगळं होतं, असं आम्हा बेसवाल्यांचं ठाम मत असतं. हे माझं वाक्य लक्षात ठेवा हं.

तर अशी आमची कारकीर्द रडतखडत चालली असताना एका नव्या शीतपेय कंपनीने नारायणगुड्याजवळच्या एका कॉलेजच्या मैदानात मोठा कार्यक्रम ठरवला आणि त्यात आम्हाला बोलावलं. ग्लेनने कुठून तरी सूत जुळवून मुंबईच्या एका कॅसेट कंपनीच्या माणसालाही तिकडे यायला राजी केलं. तो गुपचूप गर्दीत उभा राहून ऐकणार आणि आवडलं तर आमची कॅसेट काढणार. कॅसेट! वेष्टनावर आमचा फोटो! मला तर झोप लागेना.

आणि नेमकं त्याच वेळी आमच्या आईने काय करावं?

“विनू,” ती म्हणाली, “उद्या ते पुण्याचे जोगळेकर तुला बघायला येऊ लागलेत. घरी नाही. तिकडेच, तुझ्या त्या ढॅणढॅणला.”

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आमच्याकडे मुलगी दाखवायचा कार्यक्रम व्हायचा तो पोहे-बिहे करून. पण त्याआधी मुलाची एक गुपचूप पाहणी व्हायची. मुलीचे वडील न सांगता येणार, मुलगा त्याच्या रोजच्या अवतारात कसा दिसतो ते बघणार. त्यांनी नाव सांगायचं नाही आणि मुलाला कळलं तरी त्याने ओळख दाखवायची नाही. आमच्या मामाला त्याच्या सासऱ्यांनी असंच पानाच्या ठेल्यावर पाहिलं होतं. मामाने तेव्हापासून जे पान सोडलं ते सोडलंच.

आईने दमही भरला. मुलीचे वडील काँप्युटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहेत, नुकतेच पुण्याहून हिमायतनगरला आलेत. त्यांना पटव की हे वाजवणं तू सोडणार आहेस. हे स्थळ गेलं तर झोपेत तुझे केस कापीन.

मुलीचा फोटो आईने कपाटात साड्यांखाली लपवला होता. तो मी पाहिला नव्हता असं म्हणणार नाही. रोज पाहत होतो. नीता नाव होतं. फोटोत ती कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कुठे तरी बघत होती आणि हसू दाबत होती. कशाला हसत असेल ती, याचा विचार करत मी दोनदा चुकीच्या बसमध्ये चढलो होतो.

म्हणजे बघा, एकाच संध्याकाळी एकाच मैदानात दोन माणसं मला पारखणार. एकाला पटवायचं की मी संगीतासाठी जीव देईन, दुसऱ्याला पटवायचं की मी संगीत सोडून देईन. मला कॅसेटही हवी होती आणि नीताही. आणि दोघांपैकी कोणीही नाव सांगणार नाही! पण मी मनात म्हटलं, विनायका, त्यात काय अवघड आहे? पुण्याचा माणूस आणि मुंबईचा कॅसेटवाला यांत फरक न कळायला आपण काय आंधळे आहोत?

कार्यक्रमाआधी मी स्टेजच्या मागे तारा लावत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, “तुमच्यात मराठी मुलगा कोण?”

वळून बघतो तर पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन, खांद्याला शबनम, हातात छत्री. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि हातात छत्री. पुणे चालत माझ्यासमोर येऊन उभं राहिलं होतं. मी क्षणाचाही विलंब न लावता वाकून नमस्कार केला. ते जरा गोंधळले, पण आशीर्वाद दिला.

“हे बरीच वर्षं चाललंय म्हणे तुमचं?” त्यांनी विचारलं.

“छे हो काका,” मी म्हटलं. “कॉलेजातला नाद. आज शेवटचं. उद्यापासून बंद.”

“बंद? आणि बाकीचे तिघे?”

आता बाकीचे तिघे बँड चालवत राहिले तर मी पुन्हा त्यांच्या नादी लागेन अशी शंका सासऱ्यांना येणारच ना? म्हणून मी सगळाच बँड मोडून टाकला. म्हटलं, सगळेच सोडतायत, आमचा हा निरोपाचाच कार्यक्रम आहे. मग माझी पक्की नोकरी, पेन्शन, अंबरपेठेतलं घर, सगळं ओघाने आलं. त्यांनी विचारलं, मुंबईला यावं लागलं तर याल का? मी म्हटलं, कशाला? आई-वडिलांना सोडून मी कोठीच्या पुढे जात नाही. ते म्हणाले, पण तुम्ही चांगलं वाजवता असं ऐकलं होतं. मी म्हटलं, कोणी तरी तुम्हाला चुकीचं सांगितलं.

एक गंमत सांगू? हे सगळं बोलताना मला खोटं बोलल्यासारखं वाटत नव्हतं. पेन्शन म्हटल्यावर तर बरंच वाटलं. पण तेव्हा थांबून विचार करायला वेळ कुठे होता?

काका मान हलवत, छत्री टेकत निघून गेले. मी छाती फुगवून बाजूच्या टपरीकडे गेलो, तर तिथे दुसरा मोहरा उभा. निळी जीन्स, कमरेला पेजर, डोक्यावर गॉगल, हातात त्या नव्या शीतपेयाची बाटली. पिकलेले केस मानेवर रुळत होते. हा जर मुंबईचा कॅसेटवाला नाही तर कोण? त्याने माझ्या खांद्यावरची गिटार पाहिली आणि मराठीतच म्हणाला, “काय, सीरियसली करता का हे, की आपला छंद?”

मी म्हटलं, “सर, छंद? हेच आयुष्य आहे.”

मग मी जो सुटलो तो सुटलोच. नोकरीचं विचारलं तर म्हटलं, राजीनामा खिशातच आहे. खिशात पासबुक होतं. घरच्यांचं विचारलं तर म्हटलं, सर, महिनोन् महिने गावोगाव फिरू, रस्त्यावर झोपू, घराची आठवणसुद्धा काढणार नाही.

“आणि लग्न?”

“लग्न कसलं सर? आईने पुण्याचं एक स्थळ आणलंय. मुलीचा बाप आत्ताच येऊन गेला मला बघायला. असा गुंडाळला त्याला! भोळा माणूस हो. छत्री घेऊन आला होता.”

त्यांनी बाटली खाली ठेवली. “अच्छा? भोळे आहेत होय ते?”

“एकदम. मी म्हटलं, उद्यापासून बंद. पटलं त्यांना.”

“मग मुलगीच पसंत नसेल तुम्हाला.”

इथे माझी जीभ अडखळली. कॅसेटवाल्याला काय हवं ते मला माहीत होतं. पण डोळ्यांसमोर तो फोटो आला आणि मी म्हणून गेलो, “सर, तीच तर पंचाईत आहे. फोटो रोज बघतो. ती कशाला हसतेय ते एकदा विचारायचंय मला. बाकी काही नाही.”

त्यांनी बाटली उचलून टपरीवाल्याला परत दिली. मग खांद्यावर थाप मारून म्हणाले, “बेस्ट लक,” आणि गर्दीत गेले. मी रवीला जाऊन सांगितलं, कॅसेट झाली समज.

कार्यक्रम सुरू झाला. मैदान भरलं होतं, बऱ्याच जणांना बाटल्या फुकट मिळाल्या होत्या म्हणून असेल. पण ऐकत होते. ग्लेनचा आवाज लागला होता, आणि आमच्या गाण्यांचे शेवटही चारावरून दोनावर आले होते.

आता तिकडे काय झालं ऐका. ते छत्रीवाले काका मनाने फार मायाळू. त्यांनी निवेदन करणाऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की या मुलांचा आज शेवटचा कार्यक्रम आहे, गरीब बिचारी पोरं, नीट निरोप द्या. निवेदक कंपनीचा माणूस. त्याला असलं काही तरी हवंच होतं. शेवटच्या गाण्याआधी तो धावत स्टेजवर आला आणि माइक हिसकावून रडवेल्या आवाजात म्हणाला, “दोस्तो, एक बुरी खबर है. लास्ट बस आज टूट रही है. ये इनका आखरी शो है.”

 मग जो ओरडा उठला, नही नही, नक्को नक्को! मी दचकून दोन पावलं मागे सरकलो. पायात काही तरी अडकलं, मी ते लाथेने झटकलं. माझं लक्ष त्या तिघांकडे होतं. आता माझी चामडी लोळवणार, दुसरं काय?

पण सलीम माझ्याकडे बघतच नव्हता. त्याची ड्रमची एक काडी खाली पडली होती. तो रवीकडे बघून म्हणाला, “तेरे कू किसने बताया रे, मेरी जेद्दा की नौकरी का?”

रवी म्हणाला, “जेद्दा? मैं समझा मेरा बोल दिए. मेरे कू सॉफ्टवेअर कंपनी में लग गया ना. अगले महीने बेंगलोर.”

दोघांनी ग्लेनकडे पाहिलं. ग्लेनचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो म्हणाला, “सॉरी यार. मेरी बहन ऑस्ट्रेलिया बुला ली. टिकट आ गया. मैं बोलनेवाला था, मगर तुम लोगों का दिल…”

आलं लक्षात? तिघेही कित्येक महिने एकमेकांपासून लपवत होते. प्रत्येकाला वाटत होतं, मी गेलो तर बाकीचे मोडून पडतील. एकमेकांसाठी तालमीला येत होते, एकमेकांसाठी भांडत होते. आणि मग तिघांनी एकदम माझ्याकडे वळून विचारलं, और तू?

मी म्हटलं, “मेरे कू पेन्शन होना.”

सलीम हसायला लागला. मग आम्ही चौघेही. पुढे हजारो लोक नका जाऊ म्हणून ओरडतायत आणि स्टेजवर आम्ही पोट धरून हसतोय. लोकांना वाटलं आम्ही रडतोय. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने तर रुमाल काढला. केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! मला तोवर ते ओझं आहे हेच ठाऊक नव्हतं.

आणि मग आम्ही ते शेवटचं गाणं वाजवलं. आयुष्यात तसं पुन्हा झालं नाही. भांडण नाही, चढाओढ नाही. मी डोळे मिटले आणि जीव ओतून वाजवलं, बोटं सोलून निघाली. गाणं चौघांनी एकदमच संपवलं, एकाच ठिकाणी. ‘लास्ट बस’च्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. लोक म्हणाले, आमचं सगळ्यांत चांगलं गाणं तेच. रवी अजून तसंच म्हणतो.

खाली उतरलो तर समोर आई. नेसलेली ठेवणीतली साडी. तिच्या एका बाजूला ते जीन्सवाले आणि दुसऱ्या बाजूला साड्यांखालचा फोटो, पण चालता-बोलता.

“विनू, हे जोगळेकर काका,” आई म्हणाली. “नमस्कार कर.”

मी वाकलो तो नमस्कारासाठी की तोंड लपवायला, मला सांगता येणार नाही. जोगळेकर गॉगल डोळ्यांवर ओढत म्हणाले, “तो भोळा माणूस पुन्हा दिसला का हो, छत्रीवाला?”

दिसला ना! तो मागेच उभा होता. पाटकी त्यांचं नाव. कॅसेट कंपनीत ते जन्मभर भक्तिगीतं सांभाळत आले होते, आणि मालकांनी यंदा हा इंग्रजी विभागही त्यांच्या गळ्यात मारला होता. ते मला म्हणाले, “शेवटचं गाणं ऐकून वाटलं होतं, छापावं. पण तुम्ही सगळेच निघालात. खरं सांगतो, सुटलो. मला यातलं ओ की ठो कळत नाही.” आणि ते स्टेशनच्या दिशेने चांगले हलक्या पावलांनी गेले.

मी जोगळेकरांकडे वळलो. काय बोलणार? रस्त्यावर झोपणारा जावई, राजीनामा खिशात, वर सासऱ्याला भोळा म्हणणारा. मी म्हटलं, “काका, मी तुम्हाला जे जे सांगितलं त्यातलं…”

“त्यातलं एकच खरं होतं,” ते म्हणाले. “फोटोचं. ते मी हिला सांगितलंय. बाकीचं तुमच्या त्या निवेदकाने रद्द केलं. मीही घाबरलो होतो हो, रस्त्यावर झोपणार म्हणालात तेव्हा.”

हुश्श! त्या रात्री चौघांनी मिळून एकेक इराणी चहा प्यायला आणि पहिल्यांदाच शेवटच्या बसची घाई न करता घरी गेलो. सलीम जेद्दाला गेला, रवी बेंगलोरला. ग्लेनचं नाताळचं कार्ड दरवर्षी येतं, त्यावर चौघांचीही नावं तोच लिहितो. माझं लग्न झालं. ती फोटोत कशाला हसत होती ते मी विचारलंही. फोटोवाल्याच्या पॅन्टची चेन उघडी होती.

असं सगळं छान झालं होतं, आणि छानच राहिलं असतं. पण गेल्या महिन्यात रवी सहकुटुंब आमच्याकडे जेवायला आला होता. जुन्या गोष्टी निघाल्या. मी रंगात येऊन सांगत होतो की त्या शेवटच्या गाण्याचा खरा कणा म्हणजे माझा बेस, तो नसता तर गाणं तिथेच बसलं असतं. नीता पानात भात वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, “अहो, पण तुमची वायर निघालेली होती.”

“कुठली वायर?”

“गिटारची. तो माणूस बुरी खबर म्हणाला तेव्हा तुमच्या पायात अडकून निघाली आणि तुम्ही ती लाथेने स्टेजखाली ढकललीत. माझ्या पुढ्यातच येऊन पडली. सबंध गाणं तिथेच होती.”

रवीच्या घशात घास अडकला. त्याच्या बायकोने त्याला पाणी दिलं. मला कोणी दिलं नाही.

मी म्हटलं, “मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

“सांगायचं कशाला? बाबा कानात विचारत होते, मुलगा कसा वाटतो. मी बघत होते. आवाज शून्य, तक्रार शून्य, आणि डोळे मिटून आपलं काम मन लावून चाललंय. म्हटलं, बाबा, हाच.”

तेव्हापासून या घरात मी तसाच वाजतोय.